बोटभर जागा

६ जानेवारी

रजतदादा आज सुटीवर आला. बाबांनी त्याला देवळीच्या बसस्थानकावरून मोटारसायकलवर आणले. मी आणि आई ओसरीवर उद्याच्या बाजारासाठी मेथीच्या जुड्या बांधत बसलो होतो. आईने हातातली जुडी खाली ठेवली, अंगण ओलांडून येणाऱ्या दादाकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “वाळला गड्या तू.”

“वाळलो नाई वो माय, आटोपशीर झालो,” दादा म्हणाला. ओसरीची पायरी चढण्याआधी तो किंचित थांबला आणि त्याने पाठीवरची बॅग एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतली.

दादा सैन्यात आहे हे गावाला ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी तो कमांडोंच्या निवडीतून पार पडला आणि त्याला मरून रंगाची टोपी मिळाली, तेव्हापासून तो नेमके काय करतो हे मात्र आम्हालाही ठाऊक नाही. विचारले की म्हणतो, “सामान उचलतो अन् चालतो. हमालच समज.”

त्याच्या येण्याचा मला थोडा स्वार्थी आनंदही झाला. फिजिओथेरपीच्या इंटर्नशिपमध्ये जया मॅडमनी प्रत्येकीला एक विषय निवडायला सांगितला होता. मी ‘विशेष दलांतील जवानांच्या हाडांच्या व स्नायूंच्या दुखापती आणि त्यांचा प्रतिबंध’ हा विषय मागून घेतला. विषय मोठा आहे, असे मैत्रिणी म्हणाल्या. खरे कारण मी कुणालाच सांगितले नाही. जवान घरातलाच असला की अनोळखी माणसांना प्रश्न विचारावे लागत नाहीत.

७ जानेवारी

दहावीपर्यंत मी मराठी माध्यमात शिकले. तालुक्यात पहिली आले, पण कॉलेजात गेल्यावर इंग्रजी पुस्तकांपुढे पहिले वर्ष मुकेपणातच गेले. तेव्हा एक पद्धत मीच शोधून काढली. इंग्रजी परिच्छेद वाचायचा, पुस्तक मिटायचे आणि अंगणात फेऱ्या घालत तेच मोठ्याने मराठीत सांगायचे. माझ्या तोंडून मराठीत उतरले की ते कायमचे माझे होते.

आज सकाळी नडगीच्या दुखापतींचे प्रकरण अशा रीतीने म्हणत होते. दादा खाटेवर आडवा पडून ऐकत होता.

“साध्या प्रकारात दुखणे पसरट असते, बोटाने दाखवता येत नाही. शरीर गरम झाले की ते ओसरते. रात्री त्रास देत नाही.”

“हे साधं झालं,” दादा म्हणाला. “अन् वाईटवालं?”

“दुसऱ्या प्रकारात हाडालाच सूक्ष्म चीर गेलेली असते. दुखणे बोटभर जागेत असते. पळावे तसे वाढत जाते, पडल्या पडल्याही ठणकते. त्या पायावर उडी मारता येत नाही.”

“अन् तसंच पळत राह्यलं तं?”

“तर हाड मोडू शकते.”

“हं,” तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, “ते पयलंवालं पुन्हा सांग ना. पसरटवालं.”

मी पुन्हा सांगितले. मग पुन्हा एकदा. लहानपणी माझ्या कविता तो असाच पाठ करून घेत असे, म्हणून फार बरे वाटले. माझ्या अभ्यासाची एवढी काळजी घरात दुसऱ्या कुणाला नाही.

आईने त्याची खाट वरच्या खोलीतून खाली ओसरीवर आणवली. एवढ्या थंडीत ओसरीवर कशाला, असे मी विचारले, तर “असू दे” एवढेच म्हणाली. न्हाणीच्या उंबऱ्याशी तिने चपटा दगडही ठेवला आहे. मुलगा घरी आला की तिचे लाड असे सुरू होतात.

९ जानेवारी

गावातली सैन्यभरतीची तयारी करणारी पोरे पहाटे देवळीच्या डांबरी रस्त्यावर पळतात. दादा त्यांच्यापुढे पळू लागला आहे. परतल्यावर अंगणात न येता तो सरळ विहिरीकडे जातो आणि थाळण्यातल्या थंड पाण्यात पाय बुडवून बसतो. सैनिकी शिस्त असावी.

सायंकाळी बंडूजी आले. गावातले सगळे कार्यक्रम त्यांच्याच अंगावर असतात. सव्वीस जानेवारीला शाळेपासून कालव्यापर्यंत आणि परत अशी दौड ठरली आहे.

“रजतबाबू, तुमी समोर पायजे. झेंडा तुमच्या हाती, अन् पोट्टे तुमच्या मांगं.”

“बंडूजी, मी सुटीवर आलो ना.”

“तं आमी काय तुमाले बॉर्डरवर पाठवून राह्यलो? कालव्यापर्यंतच तं जाचं हाय!”

सगळे हसले. बाबा सर्वांत जास्त हसले. त्यांनी दादाच्या खांद्यावर हात ठेवला तो चहा संपेपर्यंत काढला नाही.

११ जानेवारी

आज माझ्या केसची माहिती घेतली. रुग्ण शोधावा लागला नाही. दादाच्या पायमोज्यातून क्रेप बँडेज डोकावत होते. विचारले तर म्हणाला, “नडगीत थोडं भरून येते. सगळ्याइलेच येते.” मी वही उघडून नियमाप्रमाणे प्रश्न विचारले आणि त्याने इतकी स्वच्छ उत्तरे दिली, की खोडायला एक शब्दही सापडला नाही.

“दुखतं का?”

“कायचं दुखते! लिहायचंच असन तं लिह्य. दुखणे पसरट आहे. बोटाने दाखवता येत नाही.”

“पळताना?”

“शरीर गरम झाले की ओसरते.”

“रात्री?”

“रात्री त्रास देत नाही.”

एवढे नेटके वर्णन करणारा रुग्ण मला इंटर्नशिपमध्ये भेटलेला नाही. एरवी दादा इतके शुद्ध बोलत नाही. देशभरच्या लोकांत राहून त्याची भाषा सुधारली असावी. निदान साध्या प्रकाराचे ठरले. पाय तपासायचा राहिला, कारण “पायाले हात लावला का मले गुदगुल्या होतात” म्हणून त्याने तो मांडीखाली घेतला. मीही आग्रह केला नाही. विचारपूस नीट झाली की अर्धे निदान झालेले असते, असे मॅडमच म्हणतात.

त्याने अट घातली आहे की केसमध्ये नाव घालायचे नाही. मी म्हटले, रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे हा आमच्या व्यवसायाचा पहिला नियमच आहे.

“पक्का नियम?” त्याने विचारले.

“पक्का.”

१४ जानेवारी

संक्रांत. तीळगूळ खाताना दादा रंगात आला आणि त्याने एक हकिगत सांगितली. एरवी तो असे काही सांगत नाही.

गेल्या पावसाळ्यात डोंगरातल्या सरावात त्याचा जोडीदार नीरज घसरला आणि त्याचा गुडघा फिरला. नीरज हरियाणाचा, भक्कम अंगाचा. गाडी येईल तिथपर्यंत त्याला स्ट्रेचरवर उतरवायचे होते आणि प्रत्येकाच्या पाठीवर आपापले ओझे होतेच.

“तो वरतून आमालेच सांगून राह्यला, ‘धीरे चलो भाई, रोड अच्छा नहीं है.’ जसा काई बसमंधी बसला हाय!” दादाने नीरजची हुबेहूब नक्कल केली. बाबा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. “खाली पोहोचलो तं एकाची कंबर धरली, एकाचा खांदा उतरला. गेला एक जण दवाखान्यात, अन् त्याच्या मांगं त्याले उचलणारे.”

“अन् तुले?” आईने विचारले.

“मले काय होते वो माय. दे एक लाडू.”

माझ्या विषयासाठी ही फार मोलाची माहिती आहे. लगेच टिपून ठेवली: विशेष दलांत एकाची दुखापत एकट्याची राहत नाही, वाहून नेणाऱ्यांनाही होते. प्रतिबंधाचा विचार म्हणून संपूर्ण तुकडीचा करावा लागतो.

१७ जानेवारी

केस सादर केली. इंग्रजीत बोलताना दोनदा अडखळले, पण कागदावरची वाक्ये सरळ होती म्हणून निभावले. शेवटी मॅडमनी चष्मा काढला आणि मराठीत विचारले, “नयन, ही वाक्यं रुग्णाची की तुझी?”

“रुग्णाचीच, मॅडम.”

“फारच सुरेख बोलतो हो तुझा रुग्ण.” मग म्हणाल्या, “पाय पाहिलास?”

“अजून नाही.”

“मग माणूसही अजून पाहिलेला नाहीस. पाहा आणि मला सांग.”

तपासणी अपुरी राहिली याची रुखरुख आहे. पण वाक्यांचे कौतुक झाले.

२० जानेवारी

हे शांतपणे लिहायचे आहे, म्हणून अक्षर हळू काढते आहे.

आज ओपीडीत बोरगाव मेघेच्या आनंदाबाई आल्या. वांगी-कोथिंबिरीची शेती आहे त्यांची, टाच दुखते म्हणून आल्या होत्या. मी विचारले, दुखणे कसे आहे?

“कसं म्हंजे? दुखते!”

“म्हणजे कशा प्रकारचं?”

“आता दुखण्याचे का प्रकार राह्यते वो बाई? सकाळी खाटेवरून उतरली का पाय टेकवत नाई. मंग चाललं का जाते. मंग बसलं का पुन्हा येते. कुत्र्यावानी हाय मेलं. हाकललं का जाते, अन् बसलं का मांडीजवळ येते.” आणि स्वतःच हसल्या. “लिह्य ना, काऊन थांबली? लिह्य, आनंदाबाईच्या टाचेत कुत्रं हाय.”

मी लिहिले. त्यांच्यानंतर एक गवंडी आला, मग एक शिक्षक. शिक्षकही “मॅडम, इथून निघते आणि कुठे जाते कळत नाही, चावट आहे” असेच म्हणाले. माझ्या पुस्तकासारखे कुणीच बोलले नाही.

परतीच्या बसमध्ये, खिडकीशी, मला ती वाक्ये आठवली. दुखणे पसरट आहे. बोटाने दाखवता येत नाही. शरीर गरम झाले की ओसरते. ‘ओसरते’ हा शब्द दुखण्यासाठी आमच्या घरात कुणी कधी वापरलेला नाही. तो मी वापरला होता, अंगणात फेऱ्या घालताना. वाक्ये माझी होती. त्यांचा क्रमसुद्धा माझा होता.

मॅडमनी कौतुक केले नव्हते.

२१ जानेवारी

दुपारी बाबा ओलिताला गेल्यावर दादाला म्हटले, पाय दाखव. माझा आवाज नेहमीपेक्षा वेगळा असावा, कारण गुदगुल्यांचे कारण न देता त्याने पाय पुढे केला. आई चुलीपुढे बसली होती.

नडगीच्या हाडावरून मी अंगठा वरून खाली दाबत आणू लागले. दादाचा चेहरा वाचता येत नाही, ते त्याला शिकवलेले आहे. पण तोंड चालू होते. “अगं, माह्या पायात काय वांगे शोधून राह्यली? बंडूजीले सांगतो, आमची डॉक्टरीन पाय चेपून देते, पोट्ट्याइले लाइनीत उभं करा, एकेकाले…”

तिथे तो गप्प झाला. चेहऱ्यावरची रेघही हलली नाही, फक्त वाक्य संपले नाही. माझा अंगठा हाडाच्या समोरच्या कडेवर, मधोमध होता. मी तो उचलला तेव्हा तो म्हणाला, “…एकेकाले चेपून देईन.” मी पुन्हा तिथेच दाबले. पुन्हा शांतता. बोटभर जागा.

“दादा, या पायावर एक उडी मार.”

“उडी? मी माकड हाय काय? माय, पाह्य ना इले.”

आईने चुलीतले लाकूड आत सारले. वर न पाहता म्हणाली, “मार मंग उडी.”

त्याने मारली नाही.

मग हळूहळू सांगितले. दिवाळीच्या पुष्कळ आधीपासून दुखते आहे. आता रात्रीही. फेब्रुवारीत बर्फातल्या डोंगराचा कोर्स आहे आणि तो पार पाडणाऱ्यांतूनच नवी तुकडी ठरायची आहे. मेडिकल कॅटेगरी खाली गेली की नाव गेले. “अन् एकदा गेलं का पुन्हा येईनच असं नाई. हे समजून घे तू.”

“आणि हाड मोडलं तर?”

“नाई मोडत. माह्यं हाड हाय, मले मालूम हाय.” मग जरा हसून म्हणाला, “अन् तू कोनाले सांगणार नाई. पक्का नियम हाय ना?”

तो नियमही माझ्याचकडून शिकलेला आहे.

२२ जानेवारी

एक्स-रे काढायला तो तयार झाला, तेही “तुह्या समाधानासाठी” म्हणून. मॅडमनी पाय बाजूने धरून काढायला सांगितला. पडद्यावर हाड पांढरे, सरळ, सुंदर होते. समोरच्या कडेला, मी अंगठा ठेवला होता तिथेच, केसाएवढी काळी रेघ.

मॅडम त्याच्याशी सरळ बोलल्या. पायाचे मागचे स्नायू हाडाला ताणतात, त्यामुळे समोरची ही कडा प्रत्येक पावलाला उघडायला बघते. मागच्या बाजूची चीर दबून मिटते, ही मिटत नाही. पळणे थांबवले तर वेळ लागेल, पण रस्ता आहे. नाही थांबवले तर एखाद्या दिवशी, एखाद्या साध्या पावलाला, हाड आरपार जाईल. “तुमच्या दवाखान्यात जाऊन सांगा,” त्या म्हणाल्या. “आम्ही सांगू शकत नाही. सांगायचं तुम्हालाच आहे.”

“थँक्यू मॅडम,” दादा अगदी ताठ उभा राहून म्हणाला. दोन्ही पायांवर सारखा.

बसमध्ये देवळी जवळ आल्यावर म्हणाला, “रेघच तं हाय.”

२४ जानेवारी

दोन दिवस तो पळाला नाही. बाबांना म्हणाला, दौडीसाठी दम राखून ठेवतो आहे. बाबांना ते पटले. बंडूजींनी त्याच्यासाठी पांढरा टी-शर्ट आणला, पाठीवर मोठ्या अक्षरांत नाव छापलेला. तो त्याने आरशासमोर घालून पाहिला. म्हणजे पळणारच आहे. मग एकतीसला निघणार, आणि फेब्रुवारीत डोंगर.

मी काय करू शकते? त्याच्या अधिकाऱ्यांना कळवणे हा विश्वासघात होईल. बाबांना सांगितले तर त्यांचा चेहरा मला पाहवणार नाही, आणि तेही त्याचेच गुपित आहे. मला येते ते एवढेच: वाचणे, मराठीत आणणे, म्हणून दाखवणे. आणि तेच त्याने माझ्याविरुद्ध वापरले. पुस्तकातले आणखी काही सांगून उपयोग नाही. ते सगळे त्याला पाठ आहे.

मला राग येतो आहे आणि तो कुणावर हे ठरवता येत नाही. वर्गात हात वर करायलाही मी घाबरते. ज्याला शत्रूची भीती वाटत नाही, त्याला मी काय सांगणार?

२५ जानेवारी

सांगितले. पुस्तकातले नाही.

सायंकाळी दादा वांग्यांना पाणी देत होता. मी बांधावर जाऊन उभी राहिले. एका वाफ्यात पाणी भरले की तो फावड्याने माती ओढून तोंड बंद करी आणि पुढच्या वाफ्याचे उघडी. उजव्या पायावर भार न देता तो हे इतक्या सफाईने करत होता, की माहीत नसते तर दिसले नसते.

“दादा, नीरजला किती जणांनी उचललं होतं?”

त्याने वर पाहिले. “काऊन?”

“तुझं हाड डोंगरात मोडलं तर तुला किती जण उचलतील? बर्फातून?”

पुढच्या वाफ्याचे तोंड त्याने उघडले. मी तिथून हलले नाही. वाफा भरत आला. मग दादा फावड्यावर टेकला.

“नीरज अजून काठी घेऊन चालते,” तो म्हणाला. “फोन केला तं मलेच म्हणते, भाई, मेरे कारण तुम्हें तो कुछ नहीं हुआ ना? मी म्हटलं, नाई बे, कायचं होते.”

“आणि झालं होतं?”

“स्ट्रेचरची मांगची बाजू माह्या खांद्यावर होती. एका दगडावरून खाली उतरलो, तवा इथं…” त्याने वाकून नडगीवर एक बोट ठेवले. विचार न करता, नेमके तिथेच. “त्याच दिवसापासून हाय. त्याले जर समजलं ना नयन, तं तो स्वतःले माफ नाई करन.”

वाफा भरून पाणी बांधावर चढले आणि माझ्या चपलांखालून वाहू लागले. आम्हा दोघांचेही लक्ष नव्हते. पलीकडून आईचा आवाज आला, “अरे पाणी पाह्य! वांगे बुडवता काय?”

दादा उद्या काय करणार, ते त्याने सांगितले नाही. मी विचारलेही नाही.

२६ जानेवारी

झेंडावंदन झाले. शाळेच्या फाटकाशी चुन्याची रेघ ओढली होती. पोरे दाटीवाटीने उभी होती, काही कॅनव्हासच्या बुटांत, काही अनवाणी. दादा तो पांढरा टी-शर्ट घालून आला आणि रेघेवर जाऊन उभा राहिला. मी मुलींच्या रांगेमागे, भिंतीला टेकून होते.

बंडूजींनी त्याच्या हाती झेंडा दिला. दादाने तो घेतला, वळून पोरांकडे तोंड केले आणि म्हणाला, “मी आज पळणार नाई.”

“काऊन, रजतबाबू?” बंडूजी हसतच होते.

“माह्या पायाचं हाड चिरलं हाय.” तो मोठ्याने बोलला. कवायतीचा आवाज होता तो, मैदानाच्या टोकापर्यंत गेला. “पावसाळ्यापासून दुखून राह्यलं. मी कोनाले सांगतलं नाई. सांगतलं असतं तं आतापावतर बरं झालं असतं. आता सैन्यात जाऊन सांगतो. माह्यं नाव कटन.”

मी बाबांकडे पाहिले. त्यांचा चेहरा उतरला होता. ते पुढे झाले, दादाच्या हातातला झेंडा त्यांनी आपल्या हाती घेतला आणि दुसरा हात त्याच्या काखेखाली घातला. उचलून धरल्यासारखा.

“आता मले सांगा,” दादा पोरांना म्हणाला, “तुमच्यातून कोनाची नडगी दुखते?”

कोणी हलले नाही. सगळ्यांच्या नजरा खाली.

दादाने भिंतीशी माझ्याकडे बोट केले. “अबे, तिथं भरतीचा मेडिकलवाला नाई बसला. माह्यी बहीण हाय ते. दुखते त्यानं आज कालव्यापर्यंत चालत जाचं, अन् पयले तिले पाय दाखवाचा. हा हुकूम समजा.”

एक पोरगा रांगेतून निघाला. मग दुसरा. मग इतके, की बंडूजी म्हणाले, “अरे, दौडाले कोनी उरते का नाई?”

शाळेच्या ओसरीवर मी खाली बसले आणि ती पोरे पँटचे पाय वर करून समोर बसली. इतक्या अनोळखी माणसांशी मी जन्मात बोलले नव्हते. पहिल्याला विचारले, दुखणे कसे आहे? तो म्हणाला, “म्हंजे… भनभन करते.” मी थांबले. कुठलाही शब्द त्याच्या तोंडी घातला नाही. “अन् कधी चुनचुन करते. डांबरावर जास्त.” मी अंगठ्याने हाड वरून खाली तपासले. बहुतेकांचे दुखणे पसरट निघाले. एकाचे मात्र बोटभर जागेत. त्याला उद्या एक्स-रेला घेऊन जाणार आहे.

दादा बाजूला खुर्चीवर बसून माझे म्हणणे त्यांच्या भाषेत पोहोचवत होता. डांबर सोडा, कालव्याच्या मातीच्या रस्त्यावर पळा. एका आठवड्यात एकदम अंतर वाढवू नका. रोज पळू नका, हाडाले भरून यायला सुटी लागते. “अन् दुखलं तं सांगा. लपवलं तं माह्यासारखं खुर्चीवर बसान.”

३१ जानेवारी

दादा गेला. कोर्ससाठी नव्हे, दवाखान्यात दाखल व्हायला. एक्स-रेचे पाकीट आईने त्याच्या बॅगेत सर्वांत वर ठेवले, म्हणजे शोधावे लागू नये. पायरी उतरताना त्याने माझा खांदा धरला, लपवला नाही. काल फोनवर नीरजशी बोलला. बराच वेळ बाहेर उभा होता. आत आल्यावर एवढेच म्हणाला, “रडला येडा.”

केस मी पुन्हा लिहिली. निदान बदलले. ‘रुग्णाच्या शब्दांत तक्रार’ हा रकाना मात्र कोरा ठेवला आहे. त्याचे शब्द माझ्याजवळ अजून नाहीतच.

९ फेब्रुवारी

दादाचा फोन आला. पाय टेकवायचा नाही, असे सांगितले आहे. हाडात सळई घालायची की नाही ते पुढच्या महिन्यात ठरेल. कोर्स परवा सुरू झाला. त्याच्या जागी दुसरा गेला. हे त्याने हवामान सांगावे तसे सांगितले. मी पुस्तकातले काही बोलले नाही.

मग विचारले, “दादा, दुखतं का?”

“हाव,” तो म्हणाला. “दुखते.”

“कसं?”

“कसं सांगू तुले… वावरात कापसाच्या पराटीचं खुट राह्यते ना कापलेलं, ते बुटात घुसलं समज. अन् बूट काढता येत नाई. चाललं तं टोचते, बसलं तं टोचते. रात्री तं असं वाटते, का कोनी वरतून हळूहळू दाबून राह्यलं.” मग म्हणाला, “समोर हाय ते. बोटभर.”

मी म्हटले, “थांब, वही घेते. लिहून घेते हे.”

“लिह्य,” दादा म्हणाला. “पण शुद्ध नोको करू.”